फूरिख

टपालाच्या गाडीने मला पुलापाशी सोडलं
आणि चालकाने, तॉरकिल त्याचं नाव,
काच खाली करून बजावलं:
परत जायचं तर उद्या दहाला, इथेच.
चुकलात तर परवा. परवा रविवार.
म्हणजे सोमवारी.

दरीत सात घरं. त्यांतली दोन सुट्टीवाल्यांची,
पडदे ओढलेली, कडीला आकड्यांचं कुलूप.
एक शाळा, तिच्यात आता लोकरीची पोती.
टेलिफोनची लाल पेटी, फोन कधीच नेलेला;
आत फळीवर अंडी, शेजारी पैशांची बरणी,
आणि झाकणाखाली चिठ्ठी:
एफी, चार घेतली, दोनाचे उद्या.

मर्डीनाच्या दारात बूट काढायला बाक आहे.
माझ्याशी ती इंग्रजीत बोलली,
टॉवेल, चहा, गरम पाणी सहापर्यंतच.
आणि वळून कुत्र्याशी दुसऱ्याच भाषेत.
घशाच्या तळातून ओढून काढलेले शब्द,
भिजलेल्या दोरखंडासारखे.
कुत्र्याने एक कान वर केला
आणि तसाच ठेवला.

काय म्हणालात त्याला?
फूरिख. थांब म्हटलं.
मग किटली उचलता उचलता:
त्याचा अर्थ राहा असाही होतो.
तू कुठे थांबतोस असं कुणी विचारलं
तर घर विचारलं समजायचं.
पूर्वी दरीभर हीच बोली. आता मी, आणि हा.
एफीला कळते, पण उत्तर ती इंग्रजीत देते.
कुत्रा नऊ वर्षांचा आहे.

दुपारी ओढ्याच्या कडेकडेने वर गेलो.
पाऊस नव्हता आणि कोरडंही नव्हतं,
हवेलाच घाम फुटावा तसं काहीतरी
भुवयांवर साचत होतं.
नेच्यांच्या रानात मधेच चौकोन:
गुडघ्याएवढ्या भिंती, दाराची जागा,
चुलीचा दगड अजून काळा.
नऊपर्यंत मोजले,
पुढे चिलटांनी मोजू दिलं नाही.

हे माझ्या पणजोबांच्या आजीचं, मर्डीनाने काठी टेकवली.
मेंढ्यांना चरायला जागा हवी होती मालकाला,
म्हणून माणसं बोटीवर घातली.
विजेचं बिल सांगावं तसं सांगितलं तिने.
आणि लगेच एका मेंढीला सणसणीत शिवी हासडली,
कुंपणाच्या तारेत अडकली होती ती.
मर्डीना लोकर सोडवत बसली. मी शिंगं धरली,
खडबडीत, मुळाशी कोमट.
कुणाच्या मेंढ्या?
माझ्याच की, ती म्हणाली, दुसरं काय जगतं इथे.

उतरताना मी तिला सांगू पाहिलं
की आमच्यात 'राहून गेलं' म्हणजे
करायचं होतं आणि सुटलं.
पत्राचं उत्तर राहून जातं,
आमटीत मीठ राहून जातं.
आणि कुणी राहून गेलं म्हणजे
आलं, पाठ टेकली, निघालं.
इंग्रजीत हे माझ्या हातातच मोडलं.
तुकडे तिच्यापुढे धरले फक्त.

पुन्हा म्हण, ती म्हणाली.
राहून गेलं.
तिने त्या भिंतींकडे वळून म्हटलं,
'ह' आपल्या घशातून, खोल, खरखरीत:
राखून गेलं.

मी दुरुस्त करणार होते.

सकाळी दहाला पाच कमी असताना पुलावर होते.
खिशात दोन उकडलेली अंडी, मर्डीनाने कोंबलेली.
बरणीतली चिठ्ठी तिथेच, मात्र खाली
दुसऱ्या अक्षरात: उद्या म्हणजे कधी?
कुत्रा मागोमाग आला होता.
गाडीत चढताना मी त्याला म्हटलं, फूरिख.
त्याने कान वर केला, माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं,
आणि शाळेच्या वळणापर्यंत
गाडीमागे धावत आला.